तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज: पीएफटी कक्षातील दोन वर्षांच्या वापरानंतर

नाशिकमधील एका रुग्णालयाच्या पीएफटी कक्षात, म्हणजे फुप्फुसांची कार्यक्षमता तपासण्याच्या खोलीत, मी काम करते. रोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी मी कपाटातून जी वस्तू बाहेर काढते तिच्याविषयी मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. स्पायरोमीटर, म्हणजे रुग्णाने फुंकलेली हवा मोजणारे यंत्र, विकत घेताना डॉक्टर आणि रुग्णालये पडदा, छपाई, सॉफ्टवेअर यांची बारकाईने चौकशी करतात. ही सिरिंज मात्र ‘नंतर पाहू’ म्हणून यादीतून खाली ढकलली जाते. आमच्याकडेही सुरुवातीला तेच झाले होते. म्हणूनच दोन वर्षे रोज हाताळल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

वस्तू दिसायला साधी आहे. मोठ्या पिचकारीसारखे धातूचे नळकांडे, आत घट्ट बसणारा दट्ट्या, मागे मूठ, पुढे स्पायरोमीटरला जोडायचे तोंड. दट्ट्या पूर्ण मागे ओढून पूर्ण आत ढकलला की बरोबर ३ लिटर हवा बाहेर पडते. ही हवा यंत्राने ३ लिटरच मोजली पाहिजे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९ च्या संयुक्त मानकानुसार हा फरक ३ टक्क्यांच्या आत असावा लागतो, म्हणजे रीडिंग २.९१ ते ३.०९ लिटरच्या दरम्यान यायला हवे. त्यांपैकी अर्धा टक्का, म्हणजे १५ मिलिलिटर, एवढीच चूक खुद्द सिरिंजला माफ आहे. आमच्या सिरिंजसोबत आलेल्या प्रमाणपत्रात चूक त्याहून कमी नोंदवलेली होती, आणि या बाबतीत तिने आजवर मला निराश केलेले नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न अनेकदा येतो. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा रुग्णाने फुंकलेली हवा पाण्यावर उलट्या ठेवलेल्या भांड्यात जमा होऊन ते भांडे वर उचलले जात असे. किती हवा बाहेर आली हे डोळ्यांनी दिसत होते. आजची बहुतेक यंत्रे हवा साठवतच नाहीत. ती हवेचा वेग मोजतात आणि त्यावरून आकारमानाचे गणित करतात. गणित चुकले तरी पडद्यावरचा आलेख तितकाच सुबक दिसतो, त्यामुळे चूक उघडी पाडणारी दुसरी वस्तू हाताशी असावीच लागते.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. आमचे यंत्र टर्बाइनचे आहे. फुंकर बसली की आतले पाते फिरते आणि त्या फेऱ्या मोजल्या जातात. सिरिंज नेहमी तीन वेगांनी रिकामी करावी लागते: एकदा अर्ध्या-एक सेकंदात झटक्याने, एकदा मध्यम आणि एकदा सुमारे सहा सेकंद घेऊन अगदी सावकाश. त्या दिवशी जलद आणि मध्यम वेगाची रीडिंग उत्तम आली, सावकाश ढकलल्यावर मात्र २.७९. पुन्हा केले, पुन्हा तसेच. टर्बाइन काढून उजेडात धरले तेव्हा पात्याच्या आसाशी कापसाचा एक बारीक तंतू गुंडाळलेला दिसला. जोराच्या हवेत पाते त्याला जुमानत नव्हते, पण मंद हवेत अडखळत होते.

त्याच सकाळी सुरगाण्याहून आलेल्या एक मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. सगळी हयात चुलीपुढे गेलेली, चार पावले चालल्या की दम लागत होता. अशा रुग्णांची हवा पहिल्या सेकंदात थोडी आणि नंतर रेंगाळत, मंद होत बाहेर पडते. आम्ही शेजारी उभे राहून ‘मावशी, अजून, अजून, थांबू नका’ म्हणत असतो ते त्या शेवटच्या मंद हवेसाठीच. समजा, पहिल्या सेकंदात १.३० लिटर आणि एकूण २.०० लिटर हवा बाहेर आली, तर गुणोत्तर ०.६५ होते, आणि श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ते ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचे, निदान पक्के होण्यास आधार मिळतो. अडखळणाऱ्या पात्याने शेवटचे २०० मिलिलिटर मोजलेच नसते तर एकूण हवा १.८० लिटर दिसली असती, गुणोत्तर ०.७२ झाले असते आणि श्वासनलिकांतील अडथळा कागदावरून नाहीसा झाला असता. मावशींनी कितीही जीव तोडून फुंकले असते तरी त्याचा उपयोग नव्हता. टर्बाइन स्वच्छ करून, तिन्ही वेगांची रीडिंग पुन्हा घेऊन मगच त्यांना आत बोलावले. फक्त एकदा, तेही झटक्याने ढकलून ‘ओके’ पाहण्याची सवय ज्या कक्षांत आहे त्यांनी ती आजच सोडावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुसरा अनुभव थंडीचा आहे. जानेवारीत निफाडकडे शिबिर होते. स्पायरोमीटर आदल्या रात्रीपासून यजमान डॉक्टरांच्या दवाखान्यात होता, सिरिंज मात्र गाडीच्या डिकीतच राहिली होती. निफाडची जानेवारीतली पहाट कशी असते हे नाशिककरांना सांगायला नको. सकाळी रीडिंग ३.११ आले, म्हणजे मर्यादेबाहेर. यंत्र बिघडले असे वाटून सहकारी नवा गुणक, म्हणजे प्रत्येक रीडिंगला यंत्र ज्या आकड्याने गुणते तो, टाकायला निघाला होता. मी त्याला थांबवले. नळकांडे हाताला बर्फासारखे लागत होते. आत ओढलेली हवा तिथे गार होऊन आकसत होती आणि बाहेर पडून तापताना प्रसरण पावत होती. तासाभराने, सिरिंज खोलीच्या तापमानाला आल्यावर, रीडिंग ३.०२ आले. त्या वेळी गुणक बदलला असता तर दिवसभर प्रत्येकाची फुप्फुसे प्रत्यक्षाहून लहान दिसली असती. सिरिंज यंत्राशेजारीच ठेवावी, उन्हाच्या खिडकीत किंवा एसीच्या थेट झोतात ठेवू नये, आणि ढकलताना नळकांडे तळहातांनी कवटाळू नये, हे माहितीपत्रकात एका ओळीत लिहिलेले असते. ते ठळक अक्षरांत हवे.

आता तक्रारी. मागचा थांबा, म्हणजे दट्ट्या जिथे अडतो ती कडी, धातूवर धातू आपटेल अशी आहे. झटक्याने ओढले की खोलीभर आवाज होतो, आणि अशा आपटण्याने कडी सरकली तर ३ लिटरचे ३ लिटर राहत नाहीत. त्यामुळे मी रोज आधी कडीवरची खूण जुळवून पाहते आणि दट्ट्या कुठे अडकत नाही ना हेही तपासते. एका रबरी चकतीने हा प्रश्न सुटला असता. दुसरे म्हणजे सोबतचे जोडतोंड आमच्या फिल्टरवर सैल बसत होते. रुग्ण ज्या फिल्टरमधून फुंकतो तोच फिल्टर तपासणीच्या वेळीही लावावा लागतो, नाहीतर फिल्टरचा अडथळा हिशेबातच येत नाही. म्हणून वेगळे जोडतोंड मागवावे लागले आणि ते यायला तीन आठवडे गेले. पेटीही कच्ची आहे. सिरिंज एकदा जरी हातातून पडली तरी पुन्हा तपासून घेईपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, मग शिबिरांना न्यायच्या वस्तूची पेटी एवढ्या पातळ पत्र्याची का असावी?

गळतीची चाचणी महिन्यातून एकदा करते. तोंड घट्ट बंद करून दट्ट्या ढकलायचा. तो सरकत गेला तर हवा कुठून तरी निसटते आहे. दोन वर्षांत तसे एकदाही झाले नाही. दट्ट्या जड वाटला तरी आपल्या मनाने तेल किंवा ग्रीस लावू नये. नव्या सहकाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: ही तपासणी यंत्राच्या कॅलिब्रेशनच्या पर्यायातच करावी. रुग्णाच्या चाचणीत यंत्र फुप्फुसांतली हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने भरलेली होती व बाहेर पडताना गार होऊन आकसली असे धरून आकडा वाढवते, आणि सिरिंजमधली हवा तशी नसते.

किंमत लहान दवाखान्याला टोचेल अशीच आहे, हे मान्य. तरीही गंगापूर रोडवर नवा दवाखाना थाटणाऱ्या एका परिचित डॉक्टरांना मी स्पायरोमीटरचे थोडे साधे मॉडेल घ्या आणि उरलेल्या पैशांत सिरिंज घ्या असेच सुचवले, आणि त्यांनी तसेच केले. विक्रेत्याकडून दोन गोष्टी आधी लेखी घ्याव्यात: तुमच्या फिल्टरला बसणारे जोडतोंड आणि पुन्हा प्रमाणित करून मिळण्याची मुदत. आमची सिरिंज पहिल्या वर्षाअखेर मुंबईला पाठवली तेव्हा ‘आठवडाभरात’ असे तोंडी आश्वासन होते. परत यायला सव्वीस दिवस लागले. त्या काळात मी आणि माझा सहकारी रोज स्वतःच फुंकून आमच्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहत होतो. तेवढ्याने मोठा बिघाड कळतो, ९० मिलिलिटरचा फरक कळत नाही. यंदा ती पाठवण्याची वेळ दिवाळीनंतर येईल, आणि तेवढ्या दिवसांसाठी जवळच्याच एका रुग्णालयाची सिरिंज उसनी घेण्याचे आताच ठरवून ठेवले आहे.