स्ट्रोकनंतर भावाला घरी आणायचं की रिहॅब सेंटरला न्यायचं?

डॉक्टर म्हणतात परवा डिस्चार्ज देतो, आणि मग ठरवायला हातात दोन दिवस उरतात त्यातला अर्धा वेळ फोनवर जातो. माझ्या धाकट्या भावाची उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. आम्ही आधी घरी आणलं, पाच आठवड्यांनी सेंटरला नेलं, तिथे दोन महिने राहिला आणि मग परत घरी. दोन्ही बघून झालंय म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी तासांचा हिशोब करा. घरी फिजिओ यायचा पाऊण तास, तो गेला की भाऊ आडवा व्हायचा तो जेवणापर्यंत, आणि आम्हाला वाटायचं थकलाय बिचारा, झोपू दे. सेंटरमध्ये फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (म्हणजे कपडे घालणं, जेवणं अशा रोजच्या कामांचा सराव), स्पीच असं सगळं मिळून रोज तीन तास तरी व्हायचे, मधे आराम देऊन. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, पेशंटला झेपत असेल तर दिवसाला किमान ३ तास, आठवड्याचे किमान ५ दिवस. साधारण पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते म्हणून आमचे ते पाच आठवडे मला अजून टोचतात. (सहा महिन्यांनंतर वेग कमी होतो हे खरंय पण सुधारणा थांबत नाही, "आता जेवढं आलं तेवढंच" असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.)

आता "घरचेच आहोत, आम्हीच करून घेऊ" याबद्दल. मीही हेच म्हणत होते. भारतातल्या १४ हॉस्पिटलांमध्ये १२५० पेशंटवर अटेंड नावाची मोठी ट्रायल झाली, २०१७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली, त्यात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले आणि सहा महिन्यांनी बघितलं तर नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांपेक्षा काहीच फरक नव्हता. वाचून मला रडू आलं होतं, खरं सांगते. पण याचा अर्थ घर वाईट असा नाही, कारण स्ट्रोक सौम्य किंवा मध्यम असेल आणि थेरपिस्टांची पूर्ण टीम घरी येत असेल तर लवकर घरी नेलेले पेशंट जास्त स्वावलंबी होतात हेही ट्रायल्समध्ये दिसलंय. म्हणजे बघायचं काय तर टीम कुठे मिळतेय.

गिळण्याचा त्रास असेल तर माझं मत सरळ सेंटर, किंवा निदान स्पीच थेरपिस्टने तपासल्याशिवाय घरी नेऊच नका. पाणी पिताना ठसका लागणं, गिळल्यावर आवाज ओला येणं ही लक्षणं दिसतात तरी, काहींना ठसकाही लागत नाही आणि घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. उठवण्याबसवण्याचंही तेच. मी त्याला उजव्या हाताला धरून ओढून बसवायचे, प्रेमानेच, आणि लुळ्या हाताचा खांदा असा ओढला की सांधा सरकतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, पुढे कित्येक महिने त्याचा खांदा दुखत होता.

घर कुठे जिंकतं तर रोजच्या जगण्यात. सेंटरमध्ये दोन दांड्यांच्या मधून सपाट फरशीवर मस्त चालायचा आणि घरी आला तर बाथरूमच्या उंबऱ्यापाशी अडला, तिथे शिकलेलं आपोआप घरी येत नाही. आणि बोलणं. अफेजियात (स्ट्रोकमुळे भाषेवर परिणाम होतो तो) समजत बरंचसं असतं, कोणाला कमी कोणाला जास्त, पण शब्द सापडत नाही. घरी दिवसभर माणसं बोलायला असतात हा मोठा फायदा आहे, फक्त आम्ही सगळे त्याची वाक्यं पुरी करून टाकायचो. थांबायचं, एका वेळी एकच प्रश्न, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असा, हे आम्हाला सेंटरमधल्या थेरपिस्टने शिकवलं.

मूड दोन्हीकडे सांभाळावा लागतो. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, त्याला आळस म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

भावंडांसाठी एक वेगळं सांगायचंय. निर्णय वहिनीचा आधी, मग आपला, आणि रात्री उठणार कोण हे नावानिशी ठरवा. घरी असताना मी दिवसभर त्याला "हात उचल, परत उचल" करत होते आणि तो माझ्याकडे बघेनासा झाला. सेंटरला गेल्यावर व्यायाम दुसरं कोणी घेत होतं, मी संध्याकाळी जाऊन नुसती शेजारी बसायचे, तेव्हा परत ताई झाले. हे कुठल्या चार्टमध्ये बसत नाही पण मला सगळ्यात मोठं वाटतं.

तर उठवायला दोन माणसं लागत असतील, जेवणाची नळी असेल, दिवसा घरी कोणी नसेल तर सेंटर. एका माणसाच्या आधाराने उभा राहतोय, नीट गिळतोय आणि थेरपिस्ट रोज यायला तयार आहेत तर घर. सेंटर बघायला जाल तेव्हा मशिनी बघून भुलू नका, एका पेशंटला रोज प्रत्यक्ष किती तास मिळतात, स्पीचवाले रोज असतात की बोलावल्यावर येतात, आणि सेशनला घरच्यांना बसू देतात का एवढं विचारा. शेवटचं जिथे नाही म्हणाले ते सेंटर आम्ही सोडून दिलं.

घरी परत आणायच्या आधीच्या आठवड्यात वहिनीने आणि मी त्याला खुर्चीतून कॉटवर घेणं थेरपिस्टसमोर रोज करून दाखवलं, चुकलो की परत, आणि ते म्हणाले आता जमतंय तेव्हाच डिस्चार्जची तारीख घेतली.