स्वस्तातली ५० लिटरची सॅक : अन्नपूर्णा सर्किट आणि त्यानंतरचे महिने

सॅक घेऊन आता बरेच महिने झाले. मधल्या काळात ती नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेभोवतीचा अनेक दिवसांचा ट्रेक, करून आली, पावसात भिजली, बसच्या टपावर बांधली गेली, मित्रमैत्रिणींनी उसनीही नेली. नवी असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता काय टिकलं आणि काय नाही, दोन्ही सांगता येईल. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्यातली सॅक वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि प्रश्न नावाचा नाहीच. ५० लिटर, रिकामी साधारण १.७ किलो, पाठीत ॲल्युमिनियमची एक पट्टी, २१० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन आणि बुडाला त्याहून जाड कापड. किंमत नामांकित ब्रँडच्या निम्म्याहून कमी.

सर्किटला सॅकचा एवढा बाऊ कशाला, तर स्वस्तात जायचं म्हणजे ओझं वाहणारा पोर्टर नाही. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाइड सक्तीचा केला. तो खर्च आम्ही चौघांनी वाटून घेतला. परमिटच्या बाबतीत आपण भाग्यवान: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राची प्रवेश फी इतर परदेशी लोकांना ३००० नेपाळी रुपये, सार्क देशांतल्यांना १०००. व्हिसा लागत नाही. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. टी-हाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या साध्या लॉजमध्ये, खोली अगदी स्वस्त, अट एकच की जेवण आणि नाश्ता तिथेच घ्यायचा. म्हणजे खोलीत वाचलेले पैसे ताटात जातात, आणि आपण वर चढतो तसे मेनूकार्डावरचे आकडेही चढतात. दालभात पोट भरेपर्यंत वाढतात, म्हणून दोन्ही वेळा तोच. एवढी सगळी काटकसर करून झाली की वाचवण्यासारखी मोठी रक्कम पोर्टरचीच उरते. ती आम्ही वाचवली आणि रोज पाठीवर घेऊन चाललो.

आता मुद्द्याचं. या सॅकमधली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिचा कमरेचा पट्टा. दुकानात आपण खिसे मोजतो, रंग बघतो, कापड चिमटीत धरून बघतो. पट्टा मात्र कुणी नीट बांधून बघत नाही, तोही सॅकमध्ये वजन भरून. वजनाचा मोठा वाटा खांद्यांवर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. त्यासाठी पट्टा बेंबीच्या रेषेत पोटावर न बांधता बाजूच्या हाडांच्या उंचवट्यावर बसला पाहिजे. आणि तो तिथे बसायचा तर पाठीची लांबी जुळायला हवी. मान पुढे झुकवली की मागे जे हाड टोचतं, तिथपासून दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगठे मागे जुळवले की जी रेघ येते, तिथपर्यंत टेपने मोजायचं. ही लांबी उंचीवरून कळत नाही. माझी पाठ माझ्या उंचीच्या मानाने आखूड आहे, आणि या सॅकची पाठ वेल्क्रोने वरखाली सरकते, म्हणून ती मला बसली. आमच्यातल्या सर्वांत उंच मित्राकडे बऱ्यापैकी महागडी सॅक होती, पण एकाच मापाची. त्याचा पट्टा बरगड्यांखाली यायचा आणि सगळं ओझं खांद्यांना लोंबायचं.

अप्पर पिसाङहून घ्यारूला जाणारा चढ ज्यांनी केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ३३०० मीटरवरून जवळपास ३७०० पर्यंत, वळणावळणाची पायवाट, वर ऊन. समोर अन्नपूर्णा-२ पसरलेलं असतं, पण खांदे ठणकत असले की माणूस डोंगर बघत नाही, पायाखालचे दगड मोजतो. आमच्या गाइडदाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ) मित्राला मधेच थांबवून सगळे पट्टे सैल करायला लावले आणि क्रमाने पुन्हा ओढले: आधी कंबर, मग खांदे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे, शेवटी छातीचा. छातीचा फार आवळायचा नाही, श्वास अडतो. पाठीचं माप त्याने बदललं नाही, पण निम्मा त्रास कमी झाला. दाई स्वतः तरुणपणी पोर्टर होते, डोको म्हणजे बांबूची टोपली पाठीवर आणि ती पेलणारा नाम्लो हा पट्टा कपाळावर घेऊन. आमच्या दहा किलोंच्या कुरकुरीकडे ते ज्या शांतपणे बघायचे, त्यात सगळं आलं.

५० लिटर पुरतात का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. टी-हाउस ट्रेकला तंबू नाही, स्टोव्ह नाही, शिधा नाही; मग पुरतात, उलट जास्तीची जागा हाच धोका. आमच्यातल्या एकीने ६५ लिटरची सॅक आणली होती आणि ती भरलेली होती, कारण रिकामी जागा कुणालाच बघवत नाही. चौघांत मिळून एकच औषधांची पेटी, एकच पाण्याचा फिल्टर, एकच सनस्क्रीन, एकच सुईदोरा असं ठरवलं तर प्रत्येकाचा किलोभर भार सहज उतरतो. माझी सॅक पाण्यासकट दहा किलोंच्या आत राहिली. खालच्या चामे गावापर्यंत त्याचं काही वाटत नाही. बरंच वरचं याक खर्क ओलांडल्यावर एकेक वस्तू डोळ्यांपुढे येते. थोरोङ ला ही सर्किटवरची सर्वांत उंच खिंड ५४१६ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. पुस्तक आणलेल्या मित्राने ते मनाङच्या टी-हाउसमध्ये ठेवून दिलं, आणि तिथल्या फळीवर अशी बरीच पुस्तकं आधीपासून होती!

उतारावर सॅकची दुसरी परीक्षा होते. खिंडीपासून मुक्तिनाथपर्यंत एका दिवसात सुमारे १६०० मीटर खाली यायचं असतं. सॅक पाठीपासून सुटलेली असेल तर प्रत्येक पावलाला मागून धक्का देते. बाजूचे दाबपट्टे इथे खरे कामाला येतात, आणि या सॅकचे ते चांगले आहेत. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी. स्लीपिंग बॅग तळाला. काठ्या दोन घ्या, एक नको.

पावसाच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. सोबत मिळालेलं रेन कव्हर म्हणजे नावाला. काली गंडकीच्या खोऱ्यात, कागबेनी-जोमसोमकडे, सकाळ उलटली की जो वारा सुटतो तो धुळीसकट दुपारभर थांबत नाही. कव्हर पतंगासारखं फुगलं आणि बाजूची नाडी तुटली. शिवणींमधून पाणी येतंच. तेव्हापासून आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालते, सगळं सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन. कव्हर घरीच असतं.

बाकी सामानाचं थोडक्यात. स्लीपिंग बॅग विकत न घेता काठमांडूत ठमेलला भाड्याने घेतली आणि तोच शहाणपणा होता, कारण इतकी गरम बॅग वर्षात एकदाच लागते. लेबलवर ‘कम्फर्ट’ तापमानाचा आकडा बघा, ‘लिमिट’चा नाही. लिमिट हे प्रमाण पुरुष धरून काढतात, कम्फर्ट प्रमाण स्त्री धरून. दोन्हींत बऱ्याच अंशांचा फरक असतो आणि दुकानदार दाखवतो तो नेहमी थंड आकडा. टी-हाउसमध्ये वरून घ्यायला सिरक (जाड रजई) मिळते, सीझनमध्ये गर्दी असेल तर मागून घ्यावी लागते. आपलं अस्तर म्हणून एक चादर शिवून नेली तर फार बरं.

पाण्यासाठी पोकळ तंतूंचा फिल्टर उत्तम, पण एकदा गोठला की तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रात्री तो अंथरुणात घ्यायचा. पॉवरबँक आणि फोनसुद्धा, कारण थंडीत चार्ज बघता बघता उतरतो. २०००० एमएएचची पॉवरबँक ७४ वॉट-अवरची होते, विमानात १०० पर्यंत चालते, फक्त हातातल्या सामानात. वरच्या गावांत चार्जिंगचे पैसे पडतात, गरम पाण्याच्या अंघोळीचेही. अंघोळ आम्ही सरळ रद्द केली होती. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, निदान मोठ्याने तरी.

मित्रांसोबत स्वस्तात जाण्यात सगळ्यात नाजूक जागा सामानाची नसून दिवसांची असते. पैसे मोजून नेले की दिवसही मोजून नेले जातात, आणि मग एकाचं डोकं दुखायला लागलं की तो बाकीच्यांच्या भीडेपायी गप्प बसतो. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करावा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पाळला जात नाही तो वेळापत्रकामुळे. रस्ता आता मनाङपर्यंत गेलाय, जीपने झटपट वर पोचून ‘दिवस वाचवण्याचा’ मोह म्हणूनच महागात पडतो. मनाङमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. सीझनमध्ये तिथे दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. चौघांनी एकत्र बसून ऐका. आमच्या एका मैत्रिणीने त्यानंतर पहिल्यांदा सांगितलं की तिला दोन रात्री झोप नाही. आम्ही मनाङला आणखी एक दिवस थांबलो, हिशेब थोडा वाकला, ती व्यवस्थित खिंड पार झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी याच खिंडीच्या परिसरात बर्फ लोटलं आणि त्या आपत्तीत चाळीसहून जास्त माणसं गेली, तेही ऐन सीझनमध्ये. ‘उद्या हवा बघू’ म्हणता येण्याइतके पैसे आणि दिवस सॅकमध्ये हवेतच. रोख सुरुवातीच्या बेसीशहरलाच काढून ठेवा, वर एटीएमच्या भरवशावर राहू नका.

पैशांची एक सामायिक पिशवी ठेवली होती, रोज संध्याकाळी एकजण हिशेब लिहायचा. चहा आणि ॲपल पाय पिशवीतून की ज्याचा त्याने, यावर पिसाङला झालेला वाद आजही निघतो. ॲपल पाय ज्याचा त्याने, असं माझं मत आहे.

आता इतक्या वापरानंतर सॅकची अवस्था. कापड ठणठणीत, बुडाला घासल्याच्या खुणा आहेत पण भोक नाही. मुख्य चेन चालू आहे, वरच्या खिशाची अडकते. बाटलीची जाळी एका बाजूला उसवली होती, मोच्याकडून शिवून घेतली. छातीच्या पट्ट्याचं बकल तुटलं. सुटं बकल सहज मिळालं. आतलं कोटिंग घड्यांवर चिकट होऊ लागलंय, ओलसर जागेत ठेवल्याने हे लवकर होतं, तेव्हा वाळवूनच ठेवा आणि वॉशिंग मशीनमध्ये अजिबात टाकू नका. कमरेच्या पट्ट्यातला फोम बराच बसलाय. आठ किलोंपर्यंत अजून चालतो, त्यापुढे हाडं बोलतात. तंबू-शिधा घेऊन पंधरा किलो वाहायचं असेल तर ही सॅक घेऊ नका. टी-हाउस ट्रेकला मी हीच पुन्हा नेईन, फक्त पट्ट्यातला फोम बदलून. शिवणाऱ्याला विचारून ठेवलंय, तो म्हणतो होईल.