क्विन्सीचं ॲडम्स घर: बदलीच्या नोकरीवाल्यांच्या बायकांनी बघावंच (४ तारे)

आधी उच्चार. बॉस्टनहून रेड लाइनने क्विन्सी सेंटरला उतरायचं, पण गावातले लोक म्हणतात 'क्विन्झी'. मी दोनदा चुकले, दोनदा हसून दुरुस्त केलं गेलं.

लेक-जावई बॉस्टनला असतात. जावई म्हणाला, आई, दोन राष्ट्राध्यक्षांची घरं बघू. जॉन ॲडम्स आणि त्याचा मुलगा जॉन क्विन्सी, दोघांची जन्मघरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मागचं छप्पर आपल्या पडवीसारखं खाली उतरत आलेलं. आत ठेंगणी दारं, अरुंद जिने. एक तारा कापलाय तो माझ्या गुडघ्यांमुळे, घराचा त्यात काही दोष नाही.

मुलाची, म्हणजे जॉन क्विन्सीची, सर्व्हिस ऐकून मात्र मी थक्क झाले. दहाव्या वर्षी बापाबरोबर युरोप, चौदाव्या वर्षी अमेरिकी राजदूताचा दुभाष्या म्हणून रशिया. मग स्वतः राजदूत होऊन नेदरलँड्स, प्रशिया, पुन्हा रशिया, शेवटी इंग्लंड. पुढे परराष्ट्रमंत्री, राष्ट्राध्यक्ष, आणि त्यानंतर सतरा वर्षं साधा खासदार! आमच्या ह्यांच्या बँकेत नऊ बदल्या झाल्या. गडहिंग्लज ते परभणी म्हणजे मला जगाचं टोक वाटायचं.

माझं लक्ष होतं त्याच्या बायकोकडे, लुइझाकडे. १८०९ मध्ये रशियाला निघताना थोरली दोन मुलं इथे क्विन्सीत ठेवायची, हे तिला न विचारताच ठरलं. दोन वर्षांचा चार्ल्स तेवढा बरोबर. तिकडे मुलगी झाली, ती तेरा महिन्यांची होऊन गेली. १८१४ मध्ये नवरा इंग्लंडशी तह करायला बेल्जियममधल्या घेंटला गेला. २४ डिसेंबरला तह झाला आणि हिला पत्र आलं: सामान विकून पॅरिसला ये. चाळिसाव्या वाढदिवशी ही बाई सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन घोडागाडीने निघाली, ऐन बर्फात. चाळीसेक दिवस! वाटेत नेपोलियनचे सैनिक भेटले, तेव्हा अस्खलित फ्रेंच कामी आली. मला तर परभणीला टेम्पोत पितळी डबे मोजतानाच रडू फुटलं होतं.

'ओल्ड हाउस' म्हणजे ॲडम्स कुटुंबाचं पुढचं घर, त्याच्या बागेतलं दगडी ग्रंथालय चुकवू नका. पुस्तकांना आगीची भीती नको अशी इमारत हवी, ही जॉन क्विन्सीची इच्छा. १८७० मध्ये ती पुरी केली त्याच चार्ल्सने. छतापर्यंत पुस्तकं. 'आमिस्टाड' जहाजावरच्या, गुलाम म्हणून विकलेल्या ज्या आफ्रिकी लोकांच्या सुटकेसाठी जॉन क्विन्सी १८४१ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, सुप्रीम कोर्टात उभा राहिला, त्यांनी त्याला दिलेलं बायबलही याच संग्रहातलं.

स्टेशनजवळच्या चर्चच्या तळघरात चौघांच्या ग्रॅनाइटच्या शवपेट्या आहेत, दोन नवरे, दोन बायका. लुइझापाशी मी जरा रेंगाळले.

रात्री ह्यांना सांगलीला फोन लावून सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारतात काय, "मग सामानाचे किती आले?"