अंगणवाडी की महापालिकेची बालवाडी: कोल्हापूरच्या पेठेतला वर्षभराचा अनुभव

पेठेत घरापासून चालत जाण्याजोगे सरकारी पर्याय दोनच: एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी आणि महापालिका शाळेला जोडलेली बालवाडी. जूनपासून उन्हाळ्यापर्यंत दोन्हीकडचं कामकाज जवळून बघून मत पक्कं झालंय. तिसऱ्या वर्षापासून साडेचारपर्यंत अंगणवाडी, आणि पहिलीच्या आधीचं वर्ष बालवाडी.

अंगणवाडीचं खरं बळ आहारात आणि वजनकाट्यात आहे. तीन ते सहा वयाच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत, याचा निकष ठरलेला आहे. शिजवलेलं अन्न बचत गटाकडून डब्यातून येत असेल आणि एका फेरीत बऱ्याच अंगणवाड्या असतील, तर शेवटच्या ठिकाणी खिचडी गार होऊन घट्ट गोळा झालेली पोचते. मग मुलं ती ताटात तशीच ठेवतात. उसळीचं तसं होत नाही, ती गारही खाल्ली जाते. त्यामुळे अंगणवाडी बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या चित्रांवर जाऊ नका. डबा किती वाजता येतो, सेविकाताई वाढण्याआधी स्वतः चव घेतात का, हे बघा.

वजन-उंची दर महिन्याला घेतात, पण चुका इथेच होतात. चप्पल आणि स्वेटर काढायलाच हवेत, काटा शून्यावर हवा. उंचीची पट्टी उंचसखल शहाबादी फरशीवर ठेवली तर आकडा हमखास चुकतो. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण समजायचं आणि त्याच दिवशी पुढे उपचारासाठी पाठवायला सांगायचं. पाच वर्षांपर्यंत ही दंडाची पट्टी फार उपयोगी आहे.

कमकुवत बाजू मनुष्यबळाची. सेविका सर्वेक्षणाला किंवा बैठकीला गेल्या की वर्ग मदतनीसताईंवर पडतो, आणि त्या दिवशी गाणी-गोष्टी बुडतात. त्यात मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंद भरण्यात वेळ जातो. दोष सेविकांचा नाही, त्यांच्यावर लादलेल्या कामाचा आहे.

बालवाडीत खोली मोठी, मैदान आहे आणि पहिलीच्या बाईंची ओळख आधीच होते. मात्र काही ठिकाणी चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानं भरून घेतात. बोटांत जोर नसताना मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि तीच सवय लागते. आधी माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं हवं. स्वच्छतागृहही बघा: मोठ्या मुलांच्या मापाचं असेल तर लहानगं दिवसभर लघवी दाबून बसतं.

पावसाळ्याचा विचार वेगळा करा. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा पूर आला की महापालिकेच्या शाळांत पूरग्रस्तांची सोय होते. ती व्हायलाच हवी, पण तोवर तिथली बालवाडी बंद राहते.

प्रवेशाची चौकशी गुढीपाडव्याच्या आधीच करा. जरगनगरच्या महापालिका शाळेसाठी पालक रांगा लावतात, तेव्हा जूनमध्ये जाऊन भागत नाही. आणि बालवाडीत नाव घातलं तरी अंगणवाडीतली नोंद काढू नका. अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत असतो, आणि त्याची तारीख सेविकाताईंकडूनच कळते.