भिंतीतल्या कपाटांची कुलपे आणि गेलेले १६,९०० रुपये

पुण्यातील आमच्या सदनिकेत भिंतीतली कपाटे करून घेताना ठेकेदाराने कोटेशनमध्ये कुलपांचा रकाना वेगळा दाखवला होता: नामांकित कंपनीची १४ लॉक, प्रत्येकी ९५० रुपये, आणि दोन ड्रॉवरसंचांसाठी एकाच चावीने सगळे ड्रॉवर बंद करणारी व्यवस्था, प्रत्येकी १,८०० रुपये. हे १६,९०० रुपये ‘माल उचलायचा आहे’ म्हणून आगाऊ घेतले गेले. पुढचे सुज्ञांना सांगायला नको.

लॉक आली ती खोक्यांविना, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि चाव्या एकाच तारेत ओवलेल्या. ती पिशवी माझ्या हातात होती! चावीवर कोरलेला क्रमांक तेव्हाच पाहिला असता, तर सगळ्यांवर एकच क्रमांक दिसला असता; पण प्लायच्या धुरळ्यात उभा राहून, कचेरीतून तासाभरासाठी आलेला कोणता माणूस चाव्यांचे क्रमांक वाचतो? आज मुलाच्या कपाटाची चावी दागिन्यांच्या कप्प्याला लागते. लॉकचे खोके स्वतः फोडावे.

दुहेरी शटरांचा प्रकार अधिक संतापजनक आहे. उजव्या शटरच्या लॉकची जीभ डाव्या शटरमागे अडकते, त्यामुळे डाव्याला आतून वर-खाली बोल्ट नसतील, तर कुलूप लावूनही दोन्ही शटरे एकदम ओढली की कपाट उघडते. बोल्ट बसवलेच नाहीत. ड्रॉवरच्या सामाईक लॉकच्या पट्टीला जागा ड्रॉवर बनवण्यापूर्वी सोडावी लागते. ती न सोडता ‘आता बसणार नाही’ असे सांगून पैसे मात्र ठेवून घेतले. प्लाय कापण्याआधी प्रत्येक लॉकची जागा नकाशावर लिहून घ्या.

चौकीत विचारले गेले, “चोरी झाली का?” नाही म्हटल्यावर ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगून अर्जाची पोचही नाकारली. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांना पक्के बिल हवे होते, आणि जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर काम करून घेणारा या शहरात मी एकटाच आहे, असा त्यांचा सूर होता. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नसते, हे यांच्यापैकी कोणीही सांगितले नाही. ते शेजारच्या वकिलांकडून कळले. रोख देऊ नका. माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी आहेत, म्हणून निदान तक्रार उभी राहिली. बोल्ट आणि महत्त्वाच्या कप्प्यांची नवी लॉक यांचे ५,२५० रुपये धरून मी २२,१५० रुपयांची मागणी केली आहे.