हिमयुगाच्या अखेरीचा समुद्र चार काचपट्ट्यांवर

उत्तर अटलांटिकच्या तळगाळातील फोरामिनिफेरांच्या, म्हणजे एकपेशीय सागरी जीवांच्या, कवचांचा हा संच मी भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मागवला आणि एक सत्र वापरला. त्यात चार काचपट्ट्या आहेत : सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा कडाक्याचा काळ, १४,७०० वर्षांपूर्वीची अचानक आलेली ऊब, १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी परतलेली थंडी (यंगर ड्रायस) आणि आजचा समुद्र.

पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच पैसे वसूल झाले असे मला वाटले. मिठाच्या कणाहूनही लहान, साखरेसारखी खरबरीत कवचे, आणि जवळजवळ सगळ्यांचे वेटोळे डावीकडे वळलेले. ही गोठणाऱ्या पाण्यात वाढणारी पॅकिडर्मा जात. दुसऱ्या पट्टीवर उजव्या वेटोळ्यांची गर्दी होते, तिसरीवर डावी पुन्हा वरचढ ठरतात. समुद्र एका दमात तापला नाही, हे मुलांनी स्वतः मोजून ताडले, आणि त्या तासाचा आनंद मी विसरणार नाही.

माहितीपत्रक मात्र सुधारायलाच हवे. ऊब वाढली की तोच जीव वेटोळ्याची दिशा बदलतो, असे त्यात छापले आहे. प्रत्यक्षात जनुकीय अभ्यासांनंतर उजव्या वळणाची कवचे इन्कॉम्प्टा ही वेगळी जात मानली जातात, म्हणजे एका जातीची जागा दुसरीने घेतली. शिवाय, हे जीव जिथे जगतात त्या एवढ्या एका भागाच्या पृष्ठजलावरून साऱ्या महासागराचे तापमान सांगता येत नाही, हेही त्यात कुठे आलेले नाही. त्यासाठी वेगळा मार्ग आहे : थंड पाण्यात झेनॉन व क्रिप्टॉन हे वायू जास्त विरघळतात आणि पाणी तापले की हवेत येतात. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या त्या जुन्या हवेवरून हिमयुग संपताना संपूर्ण महासागराच्या सरासरी तापमानात झालेली वाढ सुमारे २.६ अंश सेल्सिअस निघते. तळापर्यंतच्या एवढ्या अफाट पाण्यासाठी ही वाढ प्रचंड आहे, आणि ती पत्रकात असती तर मुलांना आपण काय पाहतो आहोत याचा आवाका कळला असता.

तिसऱ्या पट्टीवर काही कवचे पालथी चिकटवली आहेत. त्या बाजूने वेटोळे उलटे दिसते, त्यामुळे मोजणी चुकते. विक्रेत्याला कळवल्यावर त्यांनी आठवड्याभरात पट्टी बदलून दिली. प्रकाश वरूनच टाकावा, कारण खालच्या दिव्यावर कवचाची नुसती काळी सावली दिसते.