नाजूक फरशीवर कोणती लिफ्ट: पट्ट्यांची स्पायडर की चाकांची सिझर?

माणसाला उंचावर नेणाऱ्या या दोन मशीन: स्पायडर रणगाड्यासारख्या रबरी पट्ट्यांवर चालते आणि लांब हाताने बाजूलाही पोचते; सिझर चाकांवर चालते आणि कात्रीसारखी उघडत सरळ वर जाते. समजा, सभागृहातली झुंबरं काढायची, खाली जुनी नक्षीदार फरशी. "पट्ट्यांची आहे, फरशीला काहीच होत नाही" यावर विसंबू नका. पट्ट्यांमुळे भार पसरतो तो मशीन चालताना. काम करताना स्पायडर चार पायांवर उभी राहते, म्हणून प्रत्येक पायाखाली रुंद पॅड हवंच. जागच्या जागी वळताना पट्टे फरशी घासतात, तिथे प्लायवूड अंथरा.

सिझरचं वजन कायम चार छोट्या भरीव चाकांवर; टिचकीला पोकळ वाजणारी फरशी तिथेच तडकते. भाडं मात्र कमी.

खाली भक्कम काँक्रीट आणि मोकळी जागा असेल तर सिझर पुरते. दार अरुंद, खुर्च्यांच्या रांगांवरून पोचायचं असेल तर बॅटरीवरची स्पायडरच घ्या. तळघर असल्यास दोन्हींआधी स्लॅबची क्षमता इंजिनिअरकडून लेखी घ्या.